एकट्याची साक्ष : ऐतिहासिक चित्रपट आणि मृतांचे ऋण

१

२१ जुलै १९६१ रोजी व्हर्जिल ग्रिसम हा अमेरिकी अंतराळवीर सुमारे पंधरा मिनिटांचे उड्डाण संपवून अटलांटिक महासागरात उतरला. त्याच्या ‘लिबर्टी बेल ७’ या यानाचे दार स्फोटक खिळ्यांनी बसवलेले होते आणि हेलिकॉप्टर येऊन यान पकडीत घेईपर्यंत ते बंद राहावयाचे होते. ते आधीच उडाले. यानात पाणी शिरले. ग्रिसम बाहेर पडला आणि बुडता बुडता वाचला. यान मात्र सुमारे ४,९०० मीटर खोल तळाशी गेले. दार आपण उडवले नाही, ते आपोआप उडाले, असे ग्रिसमने सांगितले, आणि अखेरपर्यंत तो तेच सांगत राहिला. त्या क्षणी यानात दुसरे कोणीही नव्हते. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत आग लागून एड व्हाइट आणि रॉजर चॅफी या सहकाऱ्यांसह तो मरण पावला. ते दार आतल्या बाजूस उघडणारे होते आणि वेळेत उघडता आले नाही.

या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९८३ साली, फिलिप कॉफमन यांचा ‘द राइट स्टफ’ हा चित्रपट आला. टॉम वुल्फ यांच्या १९७९ मधील त्याच नावाच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. १९४७ साली ध्वनीचा वेग ओलांडणारा चाचणीवैमानिक चक येगर आणि १९५९ साली निवडले गेलेले पहिले सात अमेरिकी अंतराळवीर यांची ही कहाणी. शीर्षकातील शब्दांना मराठीत नेमका प्रतिशब्द शोधायचा तर ‘धमक’ किंवा ‘पाणी’ हे शब्द जवळचे ठरतील : माणसाचे पाणी जोखणे म्हणतात त्या अर्थाने. ज्याच्यापाशी ते आहे तो त्याविषयी बोलत नाही. ज्याच्यापाशी नाही त्याचे पितळ एखाद्या क्षणी उघडे पडते. या चित्रपटात तो क्षण ग्रिसमच्या वाट्याला येतो. दार कोणी उडवले हे चित्रपट शब्दांनी सांगत नाही. परंतु भेदरलेला ग्रिसम, बुडालेले यान, आणि त्यानंतरचे त्याचे ओशाळे, चिडके समर्थन यांची मांडणी अशी आहे की प्रेक्षकाने एकच निष्कर्ष काढावा. चित्रपट गाजला, त्याला चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. ग्रिसमचे नाव ज्या असंख्यांनी त्या चित्रपटातूनच प्रथम ऐकले, त्यांच्यासाठी तो घाबरलेला माणूस म्हणूनच कायम झाला.

येथे जो प्रश्न उपस्थित होतो तो अंतराळप्रवासाचा नाही, नैतिक आहे. जी व्यक्ती मरण पावली आहे आणि म्हणून उत्तर देऊ शकत नाही, तिच्या खऱ्या नावाने उभी राहिलेली कलाकृती तिचे काही देणे लागते काय? लागत असेल, तर त्याचे स्वरूप कोणते? ग्रिसमच्या बाबतीत चित्रपटाने काही हिरावून घेतले. मराठी माणसाच्या परिचयाच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या बाबतीत एका चित्रपटाने काही बहाल केले. आणि एकट्या माणसाच्या साक्षीचे मोल काय, हा जो प्रश्न दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी आहे, त्याचा एक वेगळा विचार वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे समाधी असलेल्या संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात आढळतो. या तिघांना एकत्र ठेवून पाहिल्यास मूळ प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

२

या प्रश्नाला मिळणारे पहिले उत्तर परिचित आहे. कलाकृतीचे विश्व स्वायत्त असते. त्यातील ग्रिसम हा चित्रपटातील पात्र आहे, इतिहासातील व्यक्ती नव्हे. त्याला लौकिक सत्यासत्याचे निकष लावणे हा कोटिप्रमाद होय. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन भूमिकांची चिकित्सा केली आहे, त्यांपैकी दुसरीच्या आश्रयाने हे उत्तर उभे राहते. मराठी रंगभूमीला या वादाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले तेव्हा नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठले, आणि हे ऐतिहासिक नाटकच नव्हे, असा त्याचा बचाव झाला. त्या नाटकापुरता हा बचाव बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. कारण माणसांची भिंत, नृत्य, कीर्तन यांनी घडलेले त्याचे रूप प्रेक्षकाला क्षणोक्षणी सांगत असते की येथे काळाचे यथादर्शन अभिप्रेत नाही. रूपच तेथे इशारा देते.

‘द राइट स्टफ’चे रूप असा इशारा देत नाही. खऱ्या नावांबरोबर तो खऱ्या तारखा, खरी स्थळे, खरी याने आणतो आणि जुनी वृत्तचित्रे आपल्या चित्रणात मिसळतो. आपण दाखवतो ते घडले होते, हा विश्वास त्याच्या परिणामाचा पाया आहे. म्हणजे कलाकृती लौकिक सत्याकडून उसने बळ घेते आणि हिशेबाची वेळ आली की अलौकिकतेच्या आश्रयाला जाते. ज्या नावाच्या खरेपणामुळे दृश्याला धार येते, त्या नावाविषयीचे दायित्व नाकारणे हे सौंदर्यशास्त्रीय मत राहत नाही. ती सोय होते.

अर्थात, ऐतिहासिक कलाकृतीने कोणतेच स्वातंत्र्य घेऊ नये असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र स्वातंत्र्याचे प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार काळाच्या फेरमांडणीचा. ह्यूस्टन येथील अंतराळवीरांचा जाहीर स्वागतसमारंभ जुलै १९६२ मधला, आणि येगरचे विमान कोसळले तो दिवस १० डिसेंबर १९६३ चा. चित्रपटाने ही दोन दृश्ये एकमेकांत गुंफली आहेत. त्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही, उलट अर्थ गडद झाला. दुसरा प्रकार रिक्तस्थाने भरण्याचा. पती-पत्नींमधील खासगी संवाद कोणी टिपून ठेवलेले नसतात. ते कल्पावेच लागतात. येथे सावधगिरी हवी, पण मनाई असू शकत नाही. तिसरा प्रकार दायित्व आणि श्रेय यांच्या आरोपणाचा : अमुक कृत्य अमक्याने केले, किंवा केले नाही, हे ठरवून टाकणे. जेथे पुरावा मूक आहे तेथे कलाकृतीने हा निवाडा देणे हे पहिल्या दोन प्रकारांहून गुणात्मकदृष्ट्या भिन्न आहे; कारण त्याचा विषय माणसाचे आयुष्य हा असतो.

असा निवाडा किती टिकाऊ होऊ शकतो, हे मराठी भाषा स्वतःच सांगते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या आज्ञेतील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही कथा बखरीतून, नाटकांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि सांगोवांगीने इतकी रुजली की ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच बनला. त्या अक्षरबदलाला निर्विवाद पुरावा नाही. तथापि ही कथा नाकारणाऱ्यालाही ती भाषा वापरावी लागते. न्यायालयाने दिलेली शिक्षा केव्हातरी संपते. वाक्प्रचारात बसलेल्या शिक्षेला मुदत नसते. एकोणिसाव्या शतकापासून मराठी ऐतिहासिक नाटक-कादंबरीने काही नावे काळी केली, तशी काही उजळलीही. ना. सं. इनामदारांनी ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे यांना, किंवा विश्वास पाटील यांनी ‘पानिपत’मध्ये सदाशिवरावभाऊंना पुन्हा सहानुभूतीच्या प्रकाशात आणले, तेव्हा मृतांना फेरसुनावणी मिळू शकते, हे त्या प्रकारानेच मान्य केले. फेरसुनावणी शक्य आहे असे मानायचे, तर मूळ निवाड्यात अन्याय होऊ शकतो हेही मानावे लागते.

३

ग्रिसमच्या प्रकरणात पुरावा काय सांगतो? दार हाताने उडवायचे तर आतील कळ जोराने दाबावी लागे, आणि ती उसळून हाताला मार लागे. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉल्टर शिरा याने आपल्या यानाचे दार हेतुतः अशा रीतीने उडवले, तेव्हा त्याच्या हाताला इजा झाली. ग्रिसमच्या हातावर तशी खूण नव्हती. अंतराळसंस्थेचा त्याच्यावर विश्वास नसता तर मार्च १९६५ मधील पहिल्या समानव जेमिनी उड्डाणाचे नेतृत्व त्याला मिळाले नसते, ना पहिल्या अपोलो पथकाचे. २० जुलै १९९९ रोजी यान समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्यावरूनही निर्णायक उत्तर मिळाले नाही. दार तर सापडलेच नाही. २०२१ साली जॉर्ज लिओपोल्ड आणि अँडी साँडर्स यांनी जुन्या चित्रफितींवर आधुनिक प्रक्रिया करून असे मांडले की हेलिकॉप्टरमधील स्थिर विद्युतभार यानात उतरल्याने स्फोटके पेटली असावीत. हीही शक्यताच आहे. परंतु सर्व पुराव्याचा कल ग्रिसमच्या बाजूने आहे, आणि यांतील बराचसा भाग १९८३ मध्येही उपलब्ध होता.

मग चित्रपटाने असे का केले? दुष्टबुद्धीने नव्हे. उत्तर कथेच्या रचनेत आहे. धमक ही गोष्ट दाखवता येत नाही. तिचा अभावच दाखवता येतो. येगर आणि ग्लेन यांच्या चेहऱ्यावरील शांतता अर्थपूर्ण व्हायची, तर कोणाच्या तरी चेहऱ्यावर भीती हवी. रचनेला एक पाय घसरलेला माणूस हवा होता, आणि ज्याचे यान बुडाले तो हाताशी होता. येथे एक तपशील विचारात घेण्यासारखा आहे. चक येगर हे या चित्रपटाचे तांत्रिक सल्लागार होते, आणि मद्यगृहातील एका छोट्या भूमिकेत ते प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. जिवंत माणसाला आपल्याच दंतकथेत उभे राहून ती न्याहाळण्याची संधी मिळाली. ग्रिसमला ती मिळणे शक्य नव्हते. रचनेच्या गरजेचा भार जो प्रतिवाद करू शकत नाही त्याच्या माथी पडला. समाजातही बहुधा असेच घडते, आणि म्हणूनच त्याला निव्वळ तांत्रिक बाब म्हणता येत नाही.

यातील विसंगती अशी की याच चित्रपटाला अपयशाचा सन्मान करता येतो. अखेरच्या उड्डाणात येगरचे विमान कोसळते; चेहरा भाजलेला येगर धुरातून चालत येतो, आणि तो चित्रपटातील सर्वांत उन्नत क्षण ठरतो. (वस्तुतः ते उड्डाण आखलेल्या चाचणीचा भाग होते, चित्रपटात ते वैमानिकाच्या लहरीसारखे दिसते.) एकाचे यंत्र कोसळले तर तो वीर, दुसऱ्याचे बुडाले तर तो भित्रा, हा भेद घटनांमधून निघत नाही. तो चित्रपटाच्या दृष्टीतून निघतो. जी करुणा त्याच्यापाशी होती ती त्याने एकालाच दिली.

४

आता दुसरे प्रकरण. शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) हे मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील, चिराबाजार भागात राहणारे, जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेले गृहस्थ. वेद-पुराणांतील विमानवर्णनांचा त्यांना ध्यास होता. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे त्यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मानवविरहित विमान सुमारे पंधराशे फूट उंच उडवले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तेथे उपस्थित होते, अशी कथा सांगितली जाते. कथेच्या पाठीशी ‘केसरी’चे नावही उभे केले जाते. परंतु ज्यावर इतिहासाचा अभ्यासक विसंबू शकेल असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेला आहे आणि त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

३० जानेवारी २०१५ रोजी विभू पुरी दिग्दर्शित ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. तळपदे यांची भूमिका आयुष्मान खुराणा यांनी केली. त्याच महिन्याच्या आरंभी मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरील निबंधावरून मोठा वाद झाला होता. उड्डाण घडले हे गृहीत धरून, त्यात प्रेमकथा, नृत्य-गाणी आणि परकीय सत्तेचा विरोध गुंफून चित्रपट तळपद्यांना विमानाच्या आद्य निर्मात्याचे स्थान बहाल करतो. चित्रपट फारसा चालला नाही; पण त्याचा नैतिक प्रश्न त्याच्या यशापयशावर अवलंबून नाही.

वरकरणी वाटते की येथे अन्याय कोणावरच झालेला नाही. मृताला मोठेपणा दिला; त्यात कोणाचे काय गेले? शिवाय परतंत्र समाजाच्या आत्मसन्मानाला अशा कथांची गरज असते, असा युक्तिवादही केला जातो. तो सहजी झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यांच्या ज्ञानपरंपरा एका सत्तेने हिणवल्या, त्यांनी प्रत्युत्तरादाखल दंतकथा रचल्या तर त्या कृतीमागील वेदना समजून घ्यावी लागते. परंतु वेदना समजणे आणि दंतकथेला इतिहास मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि अन्याय येथेही झालेला आहे. तो तळपद्यांवरच झाला आहे. साधने तुटपुंजी, द्रव्यबळ नाही, परंपरेतील शब्द खरे मानून त्यांना लाकडा-कापडात उतरवू पाहणारा, बहुधा अपयशी ठरलेला एक माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मुंबईत होता. जुन्या ग्रंथाचे प्रामाण्य आणि नव्या यंत्रयुगाची ओढ या दोहोंत सापडलेल्या त्या पिढीचा तो प्रातिनिधिक प्रयत्न होता. त्याच्या चुकीतही एक बौद्धिक नाट्य आहे : शब्दाला प्रमाण मानणारे मन प्रयोगाच्या दारापर्यंत कसे येते आणि तेथे त्याचे काय होते? एखाद्या गंभीर चित्रपटाला याहून समृद्ध विषय कोणता मिळाला असता? ‘हवाईजादा’ने हा माणूस पुसून टाकला आणि त्याच्या जागी यशस्वी नायक बसवला. खोट्या श्रेयाचा अर्थ असा होतो की, ‘तू जसा होतास तसा आम्हाला पुरेसा नाहीस.’ हेही अवमानच होय. केवळ तो हारतुरे घालून केलेला असल्याने ओळखू येत नाही.

अशा रीतीने पाहिल्यास दोन्ही चित्रपट एकाच कसोटीवर चालतात, ती म्हणजे यश. ग्रिसमचे यान बुडाले, म्हणून तो सन्मानास अपात्र. तळपदे सन्मानास पात्र ठरावेत, म्हणून त्यांचे विमान उडालेच पाहिजे. अपयशी माणसाचा आदर कसा करावा, हे न कळणारी ही एकच संस्कृती आहे. एका ठिकाणी ती हिरावून घेते, दुसऱ्या ठिकाणी बहाल करते.

कायद्याची भूमिका या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकी कायद्यात मृताची बदनामी ही सामान्यतः दाद मागण्याजोगी बाबच नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ चे पहिले स्पष्टीकरण मृताची बदनामी शक्य मानत असे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. परंतु आप्तांच्या भावना दुखावण्याचा हेतू ही तिची अट आहे. म्हणजे कायदा मृताच्या निमित्ताने जिवंतांचेच रक्षण करतो. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात विचारले होते की मृत्यूनंतर घडणाऱ्या गोष्टींनी मृताच्या कल्याणात काही फरक पडतो काय. आणि पूर्ण नकार देणे त्यालाही जड गेले. मृताला वेदना नसते हे खरे. पण आयुष्य म्हणजे केवळ वेदना-सुखांची बेरीज नव्हे. त्याला एक अर्थ असतो, आणि तो अर्थ मृत्यूनंतर संपूर्णतः इतरांच्या हाती येतो. भारतीय परंपरेने पितृऋणाची कल्पना केली, ती श्राद्धविधीपुरती आकसून गेली. तिच्यातील गाभा असा आहे की जे उत्तर देऊ शकत नाहीत त्यांचे आपण देणेकरी असतो. खोटी निंदा आणि खोटी स्तुती ही दोन्ही हे देणे बुडवण्याचीच रूपे आहेत.

५

यावर असे विचारता येईल : ग्रिसमची साक्ष एकट्याची होती, ती का मानावी? जे घडताना दुसरे कोणी पाहिले नाही त्याविषयी कलावंताने आपली कल्पना का वापरू नये? या प्रश्नाकडे जाण्यासाठी एका अगदी निराळ्या एकट्या साक्षीकडे वळणे उपयुक्त ठरेल.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात शिऊर येथे संत बहिणाबाईंची (१६२८–१७००) समाधी आहे. वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेली, बालवयात विवाह झालेली, कुटुंबासह भटकत कोल्हापुरापर्यंत गेलेली ही तुकारामशिष्या. तिने अभंगांतून जे आत्मनिवेदन केले आहे ते मराठीतील अगदी आरंभीचे आत्मचरित्र होय. त्यातील मध्यवर्ती घटनेला साक्षीदार नाही : तुकारामांनी स्वप्नात येऊन तिला उपदेश केला. पुढे तर ती आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांचाही वृत्तान्त सांगते. ही साक्ष कोणत्याही न्यायालयात टिकणारी नाही. तरीही साडेतीनशे वर्षे ती टिकली आहे.

का टिकली, याचे उत्तर केवळ श्रद्धा असे देणे अपुरे आहे. त्या निवेदनात तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूसही उपस्थित आहे. ब्राह्मण घरातील स्त्रीने तुकारामांना गुरू मानावे हे तिच्या पतीला मान्य नव्हते. त्याचा संताप, त्याने केलेली मारहाण, तिला सोडून निघून जाण्याचा त्याचा बेत, नंतरचे आजारपण आणि पश्चात्ताप, हे सर्व तिने सांगितले आहे. त्याची बाजूही, तिच्या परीने, तिने मांडली आहे. आपल्या अनुभवाची ग्वाही देताना ती त्या अनुभवावरील शंकेला जागा देते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीने शब्द हेही प्रमाण मानले, आणि आप्त कोणाला म्हणावे याचा विचार केला : ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती ठाऊक आहे तशी सांगू इच्छितो तो. बहिणाबाईंच्या निवेदनाचा घाट ही इच्छा प्रकट करतो. स्वप्न घडले की नाही हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. सांगणारी प्रामाणिकपणे सांगत आहे, हे मात्र शब्दाशब्दांतून जोखता येते.

येथे एक आक्षेप संभवतो. बहिणाबाईंचे स्वप्न मानायचे, तर तळपद्यांचे उड्डाण का मानू नये? फरक दाव्याच्या जातीत आहे. स्वप्नोपदेश हा अंतरंगातील अनुभव. त्याची सत्यता सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाशी निगडित असते. चौपाटीवरील उड्डाण ही सार्वजनिक घटना. ती घडली असेल तर तिच्या खुणा समाजात शिल्लक राहिल्या पाहिजेत. शेकडो लोकांसमोर घडल्याचे सांगितले जाणारे उड्डाण पुराव्यावाचून मानणे हा श्रद्धेचा विषय होत नाही. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या चित्रपटात तुकाराम विमानातून वैकुंठाला जातात आणि जिजाई संसारात मागे राहते. ते दृश्य पाहताना कोणीही वायुगतिशास्त्राची उठाठेव केली नाही. कारण चित्रपटाने तसा दावाच केला नव्हता. श्रद्धेचे विमान श्रद्धेच्या आकाशात उडाले. ‘हवाईजादा’चे विमान मात्र इतिहासाच्या आकाशात उडू पाहते, आणि म्हणून त्याला इतिहासाचे नियम लागू होतात.

ग्रिसमची साक्ष या दोहोंच्या मधली आहे. घटना बाह्य, यांत्रिक होती. पण साक्षीदार एकटा होता. अशा ठिकाणी पुराव्याने जेवढे सांगावे तेवढे ऐकून उरलेल्या जागी त्या माणसाच्या शब्दाचे वजन धरावे लागते. पुरावा त्याच्या विरुद्ध नसताना त्याचा शब्द खोटा ठरवण्याचा अधिकार कलावंताला कोठून मिळतो? कल्पनाशक्तीतून तो मिळत नाही. कल्पनाशक्तीचे नैतिक कार्य दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचे आहे; त्याच्या जागी बसून त्याच्याविरुद्ध कबुलीजबाब लिहून देण्याचे नव्हे.

६

तर मग ऐतिहासिक चित्रपटाने करावे काय? प्रत्येक दृश्याखाली पुराव्याची पावती जोडावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणूनच दाखवण्याची वाट त्याला खुली आहे. ही वाट कलेच्या दृष्टीने दरिद्री नाही. कुरोसावाच्या ‘राशोमोन’ने (१९५०) एकाच घटनेच्या परस्परविरोधी साक्षी शेजारी ठेवून निवाडा प्रेक्षकावर सोपवला आणि चित्रपटकलेला समृद्धच केले. यानाच्या आत तो एकटा माणूस, बाहेर घरघरणारे हेलिकॉप्टर, एक स्फोट; आणि नंतरच्या आयुष्यभर त्याच एका प्रश्नाला दिलेले तेच उत्तर. आपण खरे बोलत आहोत हे ठाऊक असलेला आणि ते सिद्ध करू न शकणारा माणूस : धमकेची याहून कठीण परीक्षा त्या सात जणांपैकी दुसऱ्या कोणाला द्यावी लागली नव्हती. चित्रपटाच्या शीर्षकाचा खरा विषय त्याच्या हाती आला होता, आणि रचनेच्या सोयीसाठी त्याने तो दूर सारला. नैतिक चूक आणि कलात्मक चूक येथे एकच झाली आहे.

तळपदे यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. न उडालेल्या विमानाशेजारी उभा असलेला माणूस दाखवायला उडालेले विमान दाखवण्यापेक्षा अधिक कल्पनाशक्ती लागते.

नैतिक निकष बाहेरून आणून कलेवर लादले जातात, ही तक्रार मराठी समीक्षेत जुनी आहे, आणि अनेकदा ती रास्तही असते. परंतु या दोन उदाहरणांत निकष बाहेरून आलेला नाही. खरे नाव वापरून कलाकृतीने स्वतःच तो आत घेतला आहे. कृतीचे नाव, काळ, स्थळ हे सर्व जगाकडून घेतले, की जगाशी असलेला करार पूर्ण करावा लागतो. आणि त्या करारातील दुसरा पक्ष मृत असेल तर तो अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण चूक दाखवून द्यायला तो येणार नाही.

‘लिबर्टी बेल ७’ आज कॅन्ससमधील हचिन्सन येथील संग्रहालयात आहे. दार महासागराच्या तळाशीच राहिले. ते का उडाले हे कदाचित कधीच कळणार नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर समुद्राने दिले नाही, त्याचे उत्तर एका चित्रपटाने दिले, आणि ते एका मृत माणसाच्या नावावर लिहिले. ते खोडण्याचे काम आता समीक्षेकडे आणि इतिहासाकडे आहे.